आल्फाची टेकडी की दिव्याची सुई?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पंचवटीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवते. बारावीच्या दोन मुलांनी विज्ञान प्रदर्शनासाठी 'प्रकाश आणि ध्वनीचा मेंदूलहरींवर परिणाम' हा विषय घेतला आहे. पोहण्याच्या गॉगलमध्ये चार पांढरे एलईडी बसवले, ते आर्डुइनो उनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डावरून सेकंदाला १० वेळा लुकलुकवले. मोजायला हृदयाचे ठोके दाखवणारा स्वस्त बोर्ड वापरला. त्याचे दोन स्टिकर कपाळावर, तिसरा कानामागे. डोळे उघडे आणि दिवा बंद असताना आलेखात काही नव्हतं. गॉगल चढवून डोळे मिटले की १० हर्ट्झला ठळक उंचवटा आला! डोळे मिटून हेडफोनवर १० हर्ट्झचे 'बायनॉरल बीट्स' (दोन कानांत किंचित वेगळे स्वर) लावले तरी तसाच आला. हा मेंदूचा प्रतिसाद मानायचा का? याने अभ्यासात एकाग्रता वाढते असं मुलांनी वाचलं आहे. प्रदर्शनात येणाऱ्यांना गॉगल लावून दाखवायचा विचार आहे. मोजणी अधिक नेमकी कशी करावी?

नमस्कार मॅडम,

आलेख, प्रोग्राम आणि जोडणीचा फोटो असं सगळं पाठवलंत, त्यामुळे नेमकं बोलता येईल. पण मोजणीच्या आधी एक गोष्ट: प्रदर्शनातलं गॉगलचं प्रात्यक्षिक रद्द करा. तो गॉगल आता कोणाच्याही डोळ्यांवर चढवू नका, त्या दोन मुलांच्याही नाही.

१६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये टीव्हीवरच्या एका कार्टूनमध्ये लाल आणि निळा पडदा सेकंदाला सुमारे १२ वेळा आलटूनपालटून चमकला. त्या रात्री ६८५ च्या आसपास मुलं रुग्णालयात न्यावी लागली. त्यातल्या बऱ्याच जणांना आधी कधीही फिट आलेली नव्हती. लुकलुकत्या प्रकाशाने फिट येण्याची प्रवृत्ती साधारण ७ ते १९ या वयात सर्वांत जास्त दिसते, म्हणजे नेमकी तुमच्या प्रदर्शनाला येणाऱ्या मुलांच्या वयात. सर्वांत घातक पट्टा १५ ते २५ हर्ट्झचा, पण १० हर्ट्झ सुरक्षित आहे असा त्याचा अर्थ नाही. डोळे मिटल्याने धोका टळतो ही समजूतही चुकीची आहे. पापणीतून प्रकाश लालसर होऊन संपूर्ण दृष्टिपटलावर पसरतो. गॉगल तर सगळं दृष्टिक्षेत्र व्यापतो, त्यामुळे तुमची मांडणी जोखमीच्या बाजूने जितकी जाऊ शकते तितकी गेली आहे. रुग्णालयातही ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद) करताना मुद्दाम असा प्रकाश देतात, पण तिथे तंत्रज्ञ समोर पडद्यावर लहरी पाहत बसलेला असतो आणि फिटची पहिली खूण दिसताच दिवा बंद करतो. प्रदर्शनाच्या टेबलावर ते शक्य नाही.

प्रकल्प मात्र सोडू नका, विषय फार चांगला आहे. जिच्या मेंदूलहरी मोजायच्या ती व्यक्ती प्रौढ हवी, म्हणजे तुम्ही स्वतः किंवा एखादे सहकारी. मुलांनी मोजायचं. बसणाऱ्या व्यक्तीला किंवा तिच्या सख्ख्या नात्यात कोणालाही कधी फिट आलेली नसावी (लहानपणी तापात आलेलीसुद्धा विचारा), प्रकाशाने अर्धशिशी उठत नसावी, आदल्या रात्री झोप पुरी झालेली असावी. शंका असेल तर मेंदूविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय बसूच नये. खोलीत दुसरं कोणी हजर हवं आणि दिव्याचं बटण बसणाऱ्याच्या हातात हवं. अस्वस्थ वाटलं, हातपाय किंवा पापणी आपोआप उडू लागली, तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकायचा आणि मान वळवायची. एक डोळा झाकल्याने दृष्टिकेंद्राकडे (मेंदूतल्या बघण्याच्या भागाकडे) जाणारी चेतना झटकन कमी होते. फिट आलीच तर कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवा, घड्याळ लावा. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा.

आता तुमच्या उंचवट्याकडे येऊ. तो दिव्याचा प्रतिसाद आहे असं म्हणायला आज काहीही आधार नाही, आणि याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे. प्रकाशानेही १० हर्ट्झ, आवाजानेही १० हर्ट्झ. दोन्हींत सारखं काय होतं? डोळे मिटलेले होते. आणि ज्या नोंदीत काही दिसलं नाही तिथे डोळे उघडे होते. हान्स बर्गर यांनी जर्मनीतल्या येना इथे १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूची पहिली नोंद घेतली आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केली. डोळे मिटले की ८ ते १३ हर्ट्झची लहर वाढते आणि उघडले की दबते, हे त्यांनीच दाखवलं. तीच आल्फा लहर. तुमच्या मुलांनी बहुधा बर्गर यांचा प्रयोग पुन्हा करून दाखवला आहे. हे काही थोडं नाही, आलेख जपून ठेवा. फक्त मथळा बदला.

'बहुधा' म्हणायचं कारण असं की आणखी तीन संशयित आहेत. पहिला, तार. एलईडीतून वाहणारा प्रवाह आणि मोजणारा बोर्ड दोघेही एकाच उनोच्या ५ व्होल्टवर आहेत. दिवा पेटला की पुरवठा किंचित दबतो आणि तो दाब सेकंदाला १० वेळा थेट नोंदीत उतरतो. फोटोत एलईडीच्या तारा इलेक्ट्रोडच्या तारांना लागून, गॉगलच्या पट्ट्याखालूनच गेलेल्या दिसतात. दुसरा, डोळा. दृष्टिपटलाला स्वतःचा विद्युत प्रतिसाद असतो आणि तो कपाळावर सहज पोचतो. पापण्यांचे बारीक स्नायूही चमकेसरशी उडतात. स्टिकर केसांवर चिकटत नाहीत म्हणून कपाळ निवडलंत हे कळतं, पण बघण्याचं काम करणारा मेंदूचा भाग डोक्याच्या मागे आहे. कपाळावर आधी डोळाच मोजला जातो. तिसरा, घड्याळ. प्रोग्रामच्या कात्रणात सिरियलचा वेग दिसत नाही. तो ९६०० असेल तर दर सेकंदाला ९६० अक्षरंच जातात. तीन आकडी वाचन आणि ओळ बदलण्याची दोन चिन्हं मिळून पाच अक्षरं, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १९२ वाचनं. आलेख काढताना मुलांनी २५० धरली असतील, तर संपूर्ण आडवा अक्ष ताणला जातो आणि १० हर्ट्झला दिसणारा उंचवटा प्रत्यक्षात ७.७ हर्ट्झचा असतो. तपासायची सोपी युक्ती म्हणजे घरच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण आलेखात कुठे उभी आहे ते पाहा. ती ६५ ला दिसली तर अक्ष चुकला. वेग १,१५,२०० ठेवा.

बोर्डाबद्दलही. हृदयाचा ठोका मिलिव्होल्टमध्ये असतो, मेंदूची लहर मायक्रोव्होल्टमध्ये. तुमचा बोर्ड संकेत साधारण हजार-अकराशे पट मोठा करतो. उनो ५ व्होल्टचे १,०२४ भाग करतो, म्हणजे एक पायरी ४.९ मिलिव्होल्टची, टाळूवरच्या हिशेबाने साडेचार-पाच मायक्रोव्होल्टची. डोळे मिटल्यावरची आल्फा ३० ते ५० मायक्रोव्होल्टची असेल तर ती आठ-दहा पायऱ्यांत दिसते, म्हणून दिसली. लुकलुकत्या दिव्याचा प्रतिसाद मात्र बऱ्याचदा दोन-तीन मायक्रोव्होल्टचाच असतो, एका पायरीच्याही खाली. शिवाय या बोर्डाचा फिल्टर साधारण ४० हर्ट्झला मिटतो. ईईजीसाठी केलेला बोर्ड घ्या. भारतीय बनावटीचा बायोअँप ईएक्सजी पिल एका वाहिनीला पुरतो. त्याला १४ बिटचं वाचन करणारा उनो आर४ जोडला तर हजार पट वर्धनाला एक पायरी ०.३ मायक्रोव्होल्टवर येते. जुन्या एका पायरीचे आता सोळा तुकडे, असा हा फरक आहे. महाविद्यालयाचं अंदाजपत्रक परवडत असेल तर एडीएस१२९९ चिपचा २४ बिटचा बोर्ड घ्या. आवाजाच्या भागासाठी तोच लागेल.

जुना उनो टाकू नका, तो आता फक्त दिवा चालवेल. दोन बोर्डांमध्ये एकही तार नको. दिव्याला स्वतःची बॅटरी, मोजणीच्या बोर्डाला बॅटरीवर चालणारा लॅपटॉप. चार्जर भिंतीतून काढलेला हवा, सैल नव्हे. डोक्याला इलेक्ट्रोड लावलेल्या माणसाचा वीजवाहिनीशी कोणत्याही मार्गाने संबंध येता कामा नये, यात सवलत नाही.

दिवा असा करा. दोन पांढरे एलईडी एका छोट्या डबीत, तोंडाला बटर पेपरचे दोन थर, उजळणारा भाग पाच-सहा सेंटीमीटरचा. तो बसणाऱ्याच्या डोळ्यांपासून ६० सेंटीमीटरवर. खोलीत अर्धवट उजेड असू द्या, मिट्ट काळोख नको, कारण काळोखात तोच दिवा डोळ्याला जास्त टोचतो. डोळे उघडे. वारंवारता १० नको, ती आल्फाच्या मधोमध बसते आणि कोण कोणाचं हे कळत नाही. ६ आणि ७ हर्ट्झ घ्या. दोन्ही आल्फाच्या खाली आहेत, घातक पट्ट्यापासून दूर आहेत आणि चार सेकंदांच्या तुकड्यात पूर्ण आवर्तनं बसतात: २४ आणि २८.

लुकलुक प्रोग्राममधल्या उशिराच्या आज्ञेने करू नका, बाकीच्या ओळींचा वेळ त्यात मिसळतो. टायमर१ वापरा. १६ मेगाहर्ट्झला ६४ ने भागलं की सेकंदाला २,५०,००० टिचक्या. ७ हर्ट्झसाठी दिवा सेकंदाला १४ वेळा उलटायचा, म्हणून तुलनेच्या रजिस्टरमध्ये १७,८५६ लिहा, ६ हर्ट्झसाठी २०,८३२. एवढं करूनही उनोच्या घड्याळात थोडी चूक राहतेच, कारण त्यात स्फटिकाऐवजी सिरॅमिक रेझोनेटर असतो. समजा दिवा ७ ऐवजी ७.०२ वर चालला. चार सेकंदांत काहीच जाणवणार नाही. पण सगळे तुकडे एकमेकांवर ठेवून सरासरी काढायला गेलात, तर एका मिनिटात तो सव्वा आवर्तन पुढे सरकलेला असतो आणि सरासरीत प्रतिसाद स्वतःलाच पुसून टाकतो. असे प्रयोग 'काहीच आलं नाही' म्हणून सोडून दिले जातात.

यावर उपाय म्हणजे दिव्याच्या डबीच्या कडेला काळ्या टेपने एक फोटोडायोड, म्हणजे उजेड पडताच विद्युत संकेत देणारा छोटा घटक, चिकटवा (बीपीडब्ल्यू३४ एमजी रोडवर मिळावा, नाहीतर कोणताही फोटोट्रान्झिस्टर) आणि त्याचं वाचन मोजणीच्याच बोर्डाच्या दुसऱ्या वाहिनीत घ्या. मग दिवा केव्हा पेटला याची खूण मेंदूच्या नोंदीशेजारीच, त्याच घड्याळावर उमटते. शाळेच्या कपाटातला एलडीआर (उजेडाप्रमाणे रोध बदलणारा घटक) इथे चालत नाही. तो उजेड गेल्यावर सावकाश उतरतो, दहा-वीस मिलिसेकंद सहज खातो, आणि चढ-उताराची कड गोल होते.

आता डोकं. मोजपट्टी नाकाच्या मुळाशी, दोन डोळ्यांमधल्या खोलगट जागी धरा, टाळूवरून मागे न्या, डोक्यामागे मध्यभागी हाताला लागणाऱ्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत. समजा ३६ सेंटीमीटर भरले. त्याचे दहा टक्के, ३.६ सेंटीमीटर, त्या उंचवट्यापासून वर मोजा. ती मुख्य इलेक्ट्रोडची जागा, तिला ओझेड म्हणतात. बरोबर मध्यावर, १८ सेंटीमीटरला सीझेड, तिथे संदर्भ इलेक्ट्रोड. कानामागच्या हाडावर तिसरा, जमिनीचा (ग्राउंड). ही दहा-वीस टक्क्यांची पद्धत १९५८ पासून जगभर अशीच चालते.

केसांत स्टिकर नव्हे, चांदी-सिल्व्हर क्लोराइडच्या वाट्या आणि ईईजीची पेस्ट लागते. आदल्या रात्री केस शाम्पूने धुवायचे आणि तेल लावायचं नाही. आपल्याकडे सगळ्यांत जास्त नोंदी इथेच बिघडतात. खोबरेलाचा अगदी पातळ थरही पेस्टला त्वचेपर्यंत पोचू देत नाही. अंबाडा किंवा वेणी ओझेडवर येणार नाही अशी बांधा. कंगव्याच्या टोकाने भांग पाडून त्वचा दिसली पाहिजे. घासायची जेल कापसाच्या काडीवर घेऊन दहा-पंधरा वेळा हलकं घासा. त्वचा किंचित गुलाबी झाली की थांबा, ओरखडा नको. मग वाटीत पेस्ट भरा, दाबा, वर कापसाचा बोळा ठेवून कापडी पट्टी बांधा. इलेक्ट्रोडचा रोध ५ किलोओहमच्या खाली हवा आणि तिन्हींचा जवळपास सारखा हवा. एकाचा २ आणि दुसऱ्याचा २० असेल तर ५० हर्ट्झची गुणगुण सगळं गिळते. हा रोध साध्या मल्टीमीटरने मोजू नका. तो एकदिश प्रवाह सोडतो, इलेक्ट्रोड ध्रुवित होतो आणि पुढचा अर्धा तास रेषा तरंगत राहते. बोर्डात रोध मोजायची सोय नसेल तर गुणगुणीकडे पाहा. जी वाटी दाबल्यावर ती झपकन उतरते, ती सैल होती.

डिसेंबर-जानेवारीत प्रयोग करणार असाल तर आणखी दोन गोष्टी. नाशिकच्या कोरड्या थंडीत त्वचा सुकते आणि रोध वाढतो, त्यामुळे घासणं थोडं जास्त लागेल. आणि बसणाऱ्याच्या अंगावर लोकरीचा किंवा नायलॉनचा स्वेटर नको. हात हलला की स्थिर विजेचे झटके नोंदीत दिसतात. उन्हाळ्यात याच्या उलट: घामाने रेषा हळूहळू वरखाली पोहते. पंखा तरीही बंदच ठेवा, वाऱ्याने तारा हलतात. ट्यूबलाइट बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत. वीज गेली आणि इन्व्हर्टर चालू झाला तर नोंद तिथेच थांबवा, साध्या इन्व्हर्टरची लहर चौकोनी असते आणि तिचा कचरा सगळीकडे पसरतो.

डोक्याला लावण्याआधी डोक्याविना चालवून पाहा. ही पायरी कृपा करून गाळू नका. तीन इलेक्ट्रोडांच्या जागी ४.७ किलोओहमचे तीन रोधक घ्या, त्यांची दुसरी टोकं एकत्र पिळा, दिवा ७ हर्ट्झवर लावा आणि दोन मिनिटं नोंद घ्या. ७ ला काही उभं राहिलं तर ते निर्विवाद तारेतून आलेलं आहे. मग एक दुधी भोपळा घ्या, साल तीन ठिकाणी खरवडा, पेस्ट लावून खऱ्या वाट्या चिकटवा आणि दिव्यासमोर ठेवा. रोधकांवर शांत आणि दुध्यावर ७ हर्ट्झ, असं झालं तर वाट्यांवर थेट प्रकाश पडतो आहे. सिल्व्हर क्लोराइडला प्रकाश जाणवतो. वाट्या काळ्या कापडाने झाका. दुध्याला मेंदू नाही, त्यामुळे त्याच्यावर सपाट रेषा येईपर्यंत पुढे जायचं नाही.

मग माणूस. सुरुवात दिव्याविना करा: ३० सेकंद डोळे उघडे, ३० मिटलेले, असं चार वेळा. आल्फा दिसली तर इलेक्ट्रोड, बोर्ड आणि प्रोग्राम तिन्ही ठीक आहेत. (काही निरोगी माणसांत आल्फा जन्मतः फिकी असते. अशा वेळी दुसरा माणूस बसवा.) दात आवळून पाहा, पापण्या मिटकवून पाहा, आणि नोंदीत ते कसे दिसतात हे मुलांना ओळखायला शिकवा. एक पापणी मिटली तरी शंभर मायक्रोव्होल्टचा डोंगर उभा राहू शकतो.

आता मुख्य नोंद. एकेका मिनिटाच्या दहा खेपा घ्या. पाच खेपांत दिवा उघडा, पाच खेपांत दिवा तसाच लुकलुकत राहील पण पुढे काळा पुठ्ठा. दिवा बंद करू नका, हाच या प्रयोगाचा कणा आहे. तारा त्याच, प्रवाह तोच, माणूस तोच, डोळे तसेच उघडे, फक्त उजेड डोळ्यांपर्यंत पोचत नाही. तुमच्या आधीच्या तुलनेत दिवाही बदलला आणि डोळेही बदलले, त्यामुळे फरक कशामुळे पडला हे सांगता येईना. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर शेवटच्या खेपांत येणारी पेंग एकाच बाजूला पडेल. दोन खेपांमध्ये मिनिटभर विश्रांती.

प्रत्येक मिनिटाचे चार-चार सेकंदांचे १५ तुकडे, पाच खेपांचे ७५. तुकडा कापायचा तो फोटोडायोडच्या चढत्या कडेवरून, घड्याळ पाहून नाही. ज्या तुकड्यात संकेत १०० मायक्रोव्होल्टच्या पलीकडे गेला तो फेका, आणि किती फेकले ते लिहून ठेवा. उरलेल्यांची आधी सरासरी काढा, मग तिचं वारंवारता-विश्लेषण करा. क्रम उलटा केलात तर प्रयोगाचा अर्थच बदलतो. आल्फा दिव्याशी बांधलेली नसते, प्रत्येक तुकड्यात ती वेगळ्या जागी सुरू होते आणि सरासरीत विरते. ७५ तुकडे असतील तर असा असंबद्ध गोंधळ वर्गमुळाच्या हिशेबाने सुमारे साडेआठ पट खाली येतो. दिव्याशी बांधलेला प्रतिसाद जसाच्या तसा राहतो. एकदा मात्र उलटं करूनही पाहा: प्रत्येक तुकड्याचं विश्लेषण आधी, सरासरी नंतर. तेव्हा आल्फा एक-दोन हर्ट्झ रुंदीच्या टेकडीसारखी दिसेल आणि दिव्याचा प्रतिसाद बरोबर ७ ला सुईसारखा, बहुधा १४ ला दुसरी सुई घेऊन. ही दोन चित्रं शेजारी ठेवली की मुलांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आकडा असा काढा. चार सेकंदांच्या तुकड्याने वारंवारतेची पायरी ०.२५ हर्ट्झ मिळते. ७ ची शक्ती घ्या, लगतच्या ६.७५ आणि ७.२५ सोडा, पुढच्या चार-चार शेजाऱ्यांची सरासरी काढा आणि भागा. पुठ्ठ्याच्या खेपांत हे गुणोत्तर एकच्या आसपास घुटमळायला हवं. उघड्या दिव्यात ते स्पष्ट वर गेलं आणि दिवा ६ वर नेताच सुईही ६ वर सरकली, तर तुमच्या हातात खरी गोष्ट आहे.

आणखी एक कसोटी आहे आणि भौतिकशास्त्राच्या वर्गाला ती आवडेल. डोळ्यापासून दृष्टिकेंद्रापर्यंत प्रतिसाद पोचायला साधारण १०० मिलिसेकंद लागतात. तेवढा उशीर असेल तर ६ वरून ७ हर्ट्झवर जाताना प्रतिसादाची कला (फेज, म्हणजे आवर्तनातली त्याची जागा) फोटोडायोडच्या तुलनेत सुमारे ३६ अंशांनी मागे सरकते, कारण ३६० गुणिले १ हर्ट्झ गुणिले ०.१ सेकंद. तारेतून आलेला संकेत जवळजवळ उशीर न करता येतो, त्याची कला हलत नाही. फिल्टरही थोडी कला सरकवतात, म्हणून दोन्ही वाहिन्यांवर एकच फिल्टर लावा.

आवाजाकडे वळताना अपेक्षा खाली आणा. गालांबोस आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवलं की सेकंदाला ४० वेळा चढउतार होणाऱ्या आवाजाला मेंदू त्याच ठेक्यात उत्तर देतो. पण टाळूवर हा प्रतिसाद मायक्रोव्होल्टचा काही भागच असतो. २४ बिटचा बोर्ड, सीझेड आणि कानामागचं हाड ही जोडी, आणि दहा मिनिटांची नोंद एवढं किमान लागेल. माणूस जागा हवा, झोपेत हा प्रतिसाद खचतो.

इथे एक खोल खड्डा आहे. मुलं सहसा १,००० हर्ट्झचा स्वर घेतात आणि त्याला ४० चा चढउतार देतात. त्या आवाजात प्रत्यक्षात ९६०, १,००० आणि १,०४० असे तीन घटक असतात. हेडफोनच्या कॉइलचं चुंबकीय क्षेत्र ते इलेक्ट्रोडच्या तारांत टाकतं. आता तुम्ही सेकंदाला २५० नमुने घेत असाल तर १,००० ही बरोबर चौपट. नमुने अपुऱ्या वेगाने घेतले की वरची वारंवारता खालची असल्यासारखी दिसते, म्हणून ९६० आणि १,०४० दोन्ही दुमडून नेमके ४० हर्ट्झवर येऊन बसतात, आणि ज्या बोर्डात नमुने घेण्याआधीचा फिल्टर नाही तिथे सुंदर, टोकदार, संपूर्ण खोटी सुई उभी राहते. ५०० हर्ट्झच्या स्वराचंही तेच. १,०७० घ्या, त्याचे घटक ३०, ७० आणि ११० वर दुमडतात, ४० मोकळं राहतं. त्याहून चांगलं म्हणजे हेडफोन डोक्यापासून लांब ठेवा आणि आवाज स्टेथोस्कोपच्या नळीतून कानात आणा. ३० सेंटीमीटर नळीने आवाजाला जेमतेम ०.९ मिलिसेकंद उशीर होतो. पुठ्ठ्याची जागा इथे चिमटा घेतो: नळी चिमट्याने बंद करा आणि बाकी सगळं चालू ठेवा.

आवाज साध्या बोलण्याइतका, ६०-६५ डेसिबल, त्याहून जास्त नको. आणि ढोलपथकाच्या सरावाहून आलेल्या माणसाला त्याच दिवशी बसवू नका. नाशिक ढोलासमोर तासभर उभं राहिलं की कान काही काळ बधिर असतात आणि मोजणी फसते.

बायनॉरल बीट्स, म्हणजे एका कानात ४०० आणि दुसऱ्यात ४१०, ही कल्पना हाइनरिख डोव्ह यांच्यापासून, एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. ठोका ऐकू येतो हे खरं, पण टाळूवरचा प्रतिसाद साध्या चढउताराच्या आवाजापेक्षा बराच क्षीण असतो आणि निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. इंटरनेटवरून उतरवलेली दाबलेली फाइल आणि ब्लूटूथ हेडफोन वापरले असतील, तर दोन कानांतला सूक्ष्म फरक वाटेतच बिघडू शकतो. या प्रकल्पातून हा भाग वगळा असं आमचं स्पष्ट मत आहे.

एकाग्रतेचं म्हणाल, तर ओझेडवर ७ ची सुई आली याचा अर्थ दृष्टिकेंद्र दिव्याला उत्तर देतं, एवढाच. त्यातून पाठांतर सुधारतं का हा वेगळा प्रश्न आहे, त्याला वेगळा प्रयोग लागतो. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत ली-ह्वेई त्साई यांच्या गटाने ४० हर्ट्झच्या प्रकाशाने उंदरांच्या मेंदूतलं अमायलॉइड (अल्झायमरमध्ये साठणारं प्रथिन) कमी झाल्याचं दाखवलं, तेव्हापासून ४० हर्ट्झच्या नावावर पुष्कळ काही विकलं जातं. तुमच्या तक्त्यावर यातलं काही लिहू नका.

प्रदर्शनाच्या टेबलावर दिवा नकोच, बटर पेपरची डबी बंद करून ठेवा. दुधी भोपळा मात्र वाट्यांसकट ठेवा आणि त्यामागे तीन आलेख एकाच मापात लावा: दुध्याचा, पुठ्ठा लावलेला आणि उघड्या दिव्याचा. किती तुकडे फेकले तो आकडा प्रत्येकाखाली असू द्या. परीक्षक पहिला प्रश्न 'हे तारेतून आलं नाही कशावरून?' असाच विचारतील, तेव्हा मुलांनी बोट दुध्याकडे दाखवायचं. ६ आणि ७ हर्ट्झच्या कलेचे दोन आकडे हाती आले की ते आणि फोटोडायोडच्या नोंदी पाठवा, फिल्टरचा हिशेब तपासून देऊ.